कानात वारं शिरलेलं नाही

बाळंतिणीचं डोकं दुखलं की घरात निदान तयारच असतं. "कान बांधले नव्हतेस ना? वारं शिरलं!" मग ओव्याची धुरी, शेक, रुमाल. सिझेरियन झालं असेल तर शिकलेल्यांचं निदान वेगळं: कमरेत भूल दिली होती, तिचंच हे दुखणं. तसं दुखतंही, पण ते बसलं की वाढतं आणि आडवं झालं की उतरतं.

मी म्हणतोय ते दुखणं आडवं झाल्यानं हटत नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोनेक आठवड्यांत कधीतरी ते एकाएकी उठतं, मिनिटभरात शिगेला पोचतं, ओसरतं आणि पुन्हा येतं. मेंदूच्या रोहिण्या जागोजागी आवळलेल्या असतात. १९८८ साली कॉल, फ्लेमिंग आणि सहकाऱ्यांनी या विकाराचं वर्णन केलं. आज डॉक्टर त्याला 'आरसीव्हीएस' म्हणतात. बहुतेकींच्या रोहिण्या तीन महिन्यांत पूर्ववत होतात. काहींना मात्र त्याआधीच मेंदूत रक्तस्राव किंवा पक्षाघात होतो. आणि पहिला स्कॅन पुष्कळदा स्वच्छ येतो! "रिपोर्ट नॉर्मल आहे, झोप झाली नसेल" म्हणून घरी धाडलेली बाई पुन्हा आली, तर पुन्हा तपासायलाच हवी.

औषधांचाही यात हात असतो. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन, दूध आटवायचं ब्रोमोक्रिप्टिन, गर्भाशय आकसावं म्हणून दिलेलं मेथिलएर्गोमेट्रिन. हे शेवटचं रक्तस्राव थांबवून जीव वाचवतं, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. मात्र ते दिल्याची नोंद डिस्चार्ज कार्डावर असावी. सर्दीच्या गोळीचं काय? ती तर नवरा कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणतो. बाळंतिणीला हवी आहे, हे दुकानदाराला सांगतं कोण?

आजार दुर्मीळ, मग एवढा गाजावाजा कशाला, असं कुणी म्हणेल. पण असंच डोकं धरून, बीपी चढून येणारी प्रसूतीनंतरची एक्लॅम्प्सिया एवढी दुर्मीळ नाही. दोन्हींचा पहिला सुगावा डोकेदुखी विचारल्याने आणि बीपी मोजल्याने लागू शकतो.

नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत गडचिरोलीत बंग दांपत्याने सिद्ध केली, पुढे ती देशाने उचलली. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते, झोळीत बाळाचं वजन करते. त्याच खेपेत आईच्या दंडाला बीपीचा पट्टा का बांधू नये? आरोग्य खात्याने आशाताईच्या पिशवीत बीपीचं यंत्र द्यावं आणि तिच्या फॉर्मवर एक रकाना वाढवावा: डोकं अचानक दुखलं का, कधी, किती वेळा.