वकील फुकट मिळतो, तरी गावाकडचा माणूस व्याजानं पैसे का काढतो?

बीड : शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण गावोगाव अजून ऐकू येते. पण पायरी चढायची की नाही हे माणसाच्या हातात नसतं. भावकीनं बांध कोरला, सावकारानं जमीन लिहून घेतली, मुकादमानं उचलीपायी माणसं अडवून ठेवली, सासरच्यांनी लेकीला घराबाहेर काढलं की पायरी चढावीच लागते. मग पहिला प्रश्न पडतो तो वकिलाच्या फीचा. त्यासाठी शेळ्या विकल्या जातात, डाग मोडला जातो, नाहीतर शेकडा पाच टक्क्यांनी पैसे काढले जातात.

यातल्या बहुतेकांना सरकारी खर्चानं वकील मिळू शकतो. तसा कायदा १९८७ साली झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो लागू आहे. म्हणून ९ नोव्हेंबर हा विधी सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी तालुक्याला कार्यक्रम होतो, फोटो निघतात, बातमी येते. दुसऱ्या दिवशी गावातला माणूस पुन्हा एजंटाच्या मोटारसायकलवर बसून तालुक्याला जातो. हे का होतं, ते नीट पाहायला पाहिजे.

उपकार वेगळा, हक्क वेगळा

मुंबई-पुण्यातल्या मोठ्या लॉ फर्म गरजूंना मोफत कायदेशीर मदत देण्याचं वचन देतात. वकिली भाषेत त्याला 'प्रो बोनो' म्हणतात. काम चांगलं आहे. बार कौन्सिलच्या नियमांतही आहे, की ज्याला खरोखर गरज आहे पण पैसे नाहीत, अशा माणसाला आपल्या ऐपतीप्रमाणे मोफत मदत करणं हे वकिलाचं मोठं कर्तव्य आहे. केंद्र सरकारने २०१७ साली 'न्याय बंधू' नावाची योजनाही काढली. मोफत काम करायला तयार असलेला वकील आणि गरजू माणूस यांची गाठ घालून द्यायची, हा तिचा हेतू.

पण शहरातल्या फर्मचं वचन पाटोदा किंवा धारूरच्या कोर्टापर्यंत पोचणं अवघड असतं. तालुक्याच्या कोर्टात तालुक्याचाच वकील उभा राहतो. त्यांच्यातही गरिबाची केस बिनपैशाची चालवणारे आहेत. मात्र वकिलाला जाहिरात करायला बंदी आहे. 'येथे गरिबांची केस फुकट चालवली जाईल' अशी पाटी तो लावू शकत नाही. त्यामुळे ओळखीच्या चार लोकांना सोडून कोणाला त्याचा पत्ता लागत नाही. शिवाय फर्म असो की तालुक्याचा वकील, त्यानं नाही म्हटलं तर जाब विचारता येत नाही. तो त्याचा चांगुलपणा असतो.

विधी सेवा कायद्याचं तसं नाही. राज्यघटनेच्या ३९-अ कलमात लिहिलंय, की पैशाअभावी कोणी न्यायाला मुकू नये. १९७८ साली एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की ऐपत नसलेल्या कैद्याला अपिलासाठी मोफत वकील मिळाला पाहिजे. पुढच्याच वर्षी बिहारच्या तुरुंगांतली गरीब माणसं समोर आली. खटला चालायच्या आधीच त्यांची कित्येक वर्षं आत गेली होती. त्या हुसैनारा खातून प्रकरणात कोर्टाने मोफत वकिलाला थेट जगण्याच्या हक्काशी जोडलं.

गावात कधीकधी रागानं विचारलं जातं, 'कसाबला वकील मिळतो, मग शेतकऱ्याला का नाही?' शेतकऱ्यालाही मिळतो. उलट २०१२ साली कसाबची फाशी कायम करताना सुप्रीम कोर्टाने सगळ्या मॅजिस्ट्रेटना बजावलं, की आरोपी पहिल्यांदा समोर आणला की त्याला मोफत वकिलाचा हक्क आहे हे सांगा. आरोपीला निदान सांगायला मॅजिस्ट्रेट आहे. बांधाच्या किंवा वाटणीच्या भांडणात असं कोणी सांगत नाही. माणसाला स्वतःच जाऊन मागावं लागतं.

कोणाला मिळतो?

'हे फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांना' हा समज सगळ्यात जास्त नुकसान करतो. कायद्याच्या १२ व्या कलमात यादी आहे. महिला, १८ वर्षांखालील मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, दिव्यांग, कोठडीतली माणसं, कारखान्यातले कामगार, वेठबिगारी किंवा मानवी व्यापारात सापडलेले, पूर, दुष्काळ, भूकंप किंवा जातीय अत्याचाराची झळ बसलेले. यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख रुपये उत्पन्नाची मर्यादा आहे.

याचा गावातला अर्थ पाहा. नवऱ्याच्या नावावर दहा एकर असली तरी बाईला मोफत वकील मिळतो, कारण ती बाई आहे एवढंच पुरे. माहेरच्या जमिनीत २००५ पासून लेकीचा लेकाइतकाच हिस्सा आहे. हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी तिला वकिलाशी बोलायचं असेल तर त्यासाठी भावाकडे पैसे मागायची गरज नाही. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागत नसेल तर तिलाही हाच रस्ता आहे. पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर भागातून दरवर्षी हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. उचल फिटली नाही म्हणून कोणी मजुराला अडकवून ठेवलं, सक्तीनं काम करून घेतलं, तर तो वेठबिगारीच्या कलमात बसू शकतो. सप्टेंबर २०२५ च्या पुरात ज्यांची माती वाहून गेली, तेही पूरग्रस्त म्हणून अर्ज करू शकतात.

उत्पन्नाच्या दाखल्याची भीतीही अनेकांना असते. कायद्यात तरतूद आहे, की माणसाने स्वतःच्या उत्पन्नाचं शपथपत्र दिलं तर ते पुरेसं मानता येईल. संशय घ्यायला कारण असेल तरच पुढची विचारणा. एवढ्यासाठी दाखल्याला आठ दिवस खेटे घालत बसू नये.

तहसीलमधली तारीखही यात येते

ही गोष्ट शेतकऱ्याच्या सगळ्यात कामाची आहे आणि सगळ्यात कमी माहीत आहे. मोफत वकील म्हणजे फौजदारी केस, असं लोकांना वाटतं. पण या कायद्यात 'कोर्ट' या शब्दाची व्याख्या मोठी आहे. दिवाणी आणि फौजदारी कोर्टाबरोबर महसुली कोर्टही त्यात आहे. कायद्याने निवाडा करायचा अधिकार दिलेला कोणताही अधिकारी किंवा न्यायाधिकरणही आहे. म्हणजे तहसीलदारापुढची रस्त्याची केस, प्रांताकडचं अपील, भूसंपादनाच्या मोबदल्याचा वाद, ग्राहक आयोगातली तक्रार, सावकाराने बळकावलेल्या जमिनीची जिल्हा उपनिबंधकाकडची सुनावणी, या सगळ्यांसाठी अर्ज करता येतो.

खेड्यातली निम्मी भांडणं तर तहसीलच्या आवारातच असतात. आणि तिथेच माणूस वकिलाशिवाय, बाहेर टेबल टाकून बसलेल्या अर्ज लिहिणाऱ्याच्या भरवशावर उभा राहतो.

उशीर महागात पडतो

मोफत मदत मागायला माणूस गेला तरी बहुधा शेवटी जातो. आधी भावकीची बैठक, मग पुढारी, मग एजंट, मग व्याजाच्या पैशानं वकील आणि पैसे संपल्यावर सरकारी वकिलाची आठवण. तोवर मुदती निघून गेलेल्या असतात.

फेरफाराची नोटीस आली की हरकतीला १५ दिवस असतात. तहसीलदाराच्या निकालावर अपील ६० दिवसांत करावं लागतं. वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार कोर्ट कायद्याखाली सहा महिन्यांत दावा लावावा लागतो. रस्ता अपघाताच्या भरपाईच्या दाव्यालाही सहा महिन्यांची मुदत कायद्यात परत आणली गेली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. उशीर माफ करून घ्यायचा अर्ज देता येतो, पण तो मंजूर होईलच असं नाही. मोफत वकील पहिल्या आठवड्यात मागितला तर हक्क वाचतो. वर्षानं मागितला तर वकिलाचा अर्धा वेळ उशिराची कारणं लिहिण्यात जातो.

अपघाताच्या केसमध्ये तर दवाखान्याच्या दारातच एजंट भेटतो. 'आता काही देऊ नका, भरपाईतले इतके टक्के द्या' असं सांगतो. निकालावर टक्केवारी ठरवणं वकिलाला बार कौन्सिलच्या नियमानुसार चालत नाही. ज्या बाईचा नवरा अपघातात गेला तिला कायद्यानं वकील फुकट मिळतो. पण तिच्यापर्यंत एजंट पहिल्या दिवशी पोचतो आणि कायदा पोचत नाही.

लोक अदालतीची नोटीस आली म्हणजे?

बँकेची किंवा महावितरणची थकबाकी असली की राष्ट्रीय लोक अदालतीची नोटीस घरी येते. कोर्टाचा शिक्का पाहून घर हादरतं. ही नोटीस म्हणजे वॉरंट नाही. लोक अदालत तडजोडीसाठी असते. दोन्ही बाजू राजी असतील तरच तिथे निवाडा होतो. सुप्रीम कोर्टाने २००८ साली पंजाब राज्य विरुद्ध जालोर सिंग या खटल्यात हेच स्पष्ट केलं.

मात्र एकदा सही झाली की तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. कोर्टात चालू असलेलं प्रकरण तिथे मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, हा फायदा आहेच. पण रक्कम, हप्ते आणि तारखा समजून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नये. तिथे विधी सेवेचा वकील असतो. त्याला आधी विचारावं. वीज, पाणी अशा सेवांसाठीची 'स्थायी लोक अदालत' मात्र वेगळी. तिथे तडजोड झाली नाही तरी निकाल दिला जाऊ शकतो. म्हणून नोटिशीवर कोणतं नाव आहे ते नीट वाचावं.

'फुकटचा वकील लक्ष देत नाही'

ही तक्रार खोटी आहे असं म्हणता येणार नाही. पॅनलवरच्या वकिलाला सरकारकडून मिळणारी फी खासगी फीपेक्षा बरीच कमी असते. तारखेला वकील आला नाही, ज्युनिअर पाठवला, फोन उचलला नाही, असं होतं. झेरॉक्सला, टायपिंगला म्हणून पैसे मागितल्याचंही लोक सांगतात. गावात एकाचा असा अनुभव झाला की दहा घरं मागे फिरतात.

नियम या बाबतीत पक्षकाराच्या बाजूचे आहेत. विधी सेवेच्या वकिलाने पक्षकाराकडून फी किंवा मोबदला घ्यायचा नाही. कोर्ट फी, समन्सचा खर्च, कागद तयार करणं, निकालाच्या नकला हा खर्चही योजनेत येतो. कामावर देखरेख ठेवायला समिती असते. तक्रार थेट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाकडे करता येते आणि हा सचिव न्यायाधीश असतो. वकील बदलून मागता येतो. पण लेखी तक्रार कोणी करत नाही. 'फुकट मिळालंय, वर तोंड करून कसं बोलायचं' ही भावना आड येते. हक्काला लोक उपकार समजतात, त्याचा हा परिणाम आहे.

फौजदारी केससाठी २०२२ पासून नवी व्यवस्था सुरू झाली. जिल्ह्याच्या ठिकाणी पूर्णवेळ बचाव वकील नेमायचे, ज्यांनी खासगी केस घ्यायची नाही. विचार बरोबर आहे, कारण माणसाला कोणत्याही दिवशी भेटणारा वकील मिळतो. दिवाणी आणि महसुली कामाला मात्र अजून जुनीच पॅनलची पद्धत आहे आणि शेतकऱ्याचं बहुतेक काम तिथलंच.

गावाच्या पातळीवर काय करता येईल?

माहिती कोर्टाच्या आवारात अडकली आहे, ती चावडीवर आली पाहिजे. फेरफाराची नोटीस देताना तलाठ्याने, गुन्हा नोंदवताना पोलिसांनी, अपघाताच्या वेळी सरकारी दवाखान्याने एक ओळ सांगितली तरी फरक पडेल : वकील परवडत नसेल तर विधी सेवा समितीकडे जा. ग्रामसभेत वर्षातून एकदा १२ व्या कलमाची यादी वाचून दाखवायला दहा मिनिटं लागतात. बचत गटाच्या बैठकीत ती वाचली तर आणखी बरं, कारण सगळ्यात मोठा हक्क बायकांचा आहे.

अर्ज करणं अवघड नाही. तालुका कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. तिचे अध्यक्ष तिथले ज्येष्ठ न्यायाधीश असतात. बीडला जिल्हा कोर्टात जिल्हा प्राधिकरण आहे. हायकोर्टात जायचं असेल तर छत्रपती संभाजीनगर खंडपीठात वेगळी समिती आहे. अर्ज मराठीत चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावं, तिथले कर्मचारी किंवा विधी स्वयंसेवक लिहून घेतात. सोबत आधार कार्ड, आलेली नोटीस, सातबारा किंवा जे कागद असतील ते न्यावेत. केसमध्ये दम आहे का हे समिती पाहते, त्यामुळे खोट्या भांडणाला मदत मिळत नाही. अर्ज नाकारला तर वरच्या समितीकडे दाद मागता येते.

तालुक्याला जाणं जमत नसेल तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर मोबाईलवरून लावता येतो. कागद घेऊन प्रत्यक्ष जावं तर लागेलच. पण कुठं जायचं, कोणाला भेटायचं आणि आपण यादीत बसतो का, हे या फोनवर विचारता येतं. सावकाराच्या दारात जाण्याआधी एवढी विचारपूस नक्की करावी.