पाचारण फक्त फादर-सिस्टरांनाच असतं का?



रविवारच्या मिस्सेनंतर तरुण मुलगा अंगणात दिसला की मोठी माणसं एकच प्रश्न विचारतात, "लागली का नोकरी?" नोकरी म्हणजे सरकारी, हे विचारणाऱ्याने धरूनच ठेवलेलं असतं. पटवारी, शिक्षक, पोलीस, रेल्वे. एक परीक्षा हुकली की दुसरीचा फॉर्म. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर तहसील त्यात आली, तेव्हा तर घरोघरी आशा वाढली की आता नव्या कचेऱ्या, नव्या जागा. असं करता करता मुलगा तिशीला टेकतो. मधल्या काळात तो बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात कुठे ऑपरेटर असतो, कुठे मोटारी दुरुस्त करतो, त्याला घरचे म्हणतात, "सध्या काहीतरी करतोय."

या "काहीतरी"बद्दल आम्हाला बोलायचं आहे. आमचं मत असं की आपल्या मुलांचं जितकं नुकसान बेकारीने केलं, जवळजवळ तितकंच या एका शब्दाने केलं आहे. आठ तास ज्या कामात जातात ते काम मोजण्यालायक नाही असं घरातच ऐकलं, तर माणूस त्यात मन कसं घालणार? आणि मन घातलं नाही तर हात तयार होत नाही.

धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही "पाचारण" शिकवतो तेव्हा मुलं लगेच फादर आणि सिस्टर अशी उत्तरं देतात. पण निर्गमाच्या 31व्या अध्यायात देवाने आपल्या आत्म्याने भरलेला बसालेल कोण होता? कारागीर. सोनं, रुपं, तांबं, लाकूड, दगड यांचं काम करणारा. त्याच्या जोडीला अहलियाब. पुढे 35व्या अध्यायात आणखी एक गोष्ट येते, जी वाचताना आपण घाईत ओलांडतो: या दोघांना देवाने दुसऱ्यांना शिकवण्याचंही दान दिलं. म्हणजे वेल्डरचं, टर्नरचं, शिंप्याचं कामही पाचारण असू शकतं, आणि शेजारच्या पोराला ते शिकवणं हा त्याचाच भाग.

आता बदलाविषयी. इथली माणसं बदल पाहतच आली आहेत. नागपूर–छिंदवाडा छोटी लाईन 2015 मध्ये बंद होऊन मोठी झाली. बोरगावला रेमंडची गिरणी आली तेव्हा शेतकऱ्याघरची पोरं पहिल्यांदा पाळीचं काम शिकली. जामसांवलीत मंगळवारी-शनिवारी हनुमान मंदिराला जी गर्दी होते तिच्यावर कितीतरी घरं चालतात, आणि नारळाच्या दुकानातही आता मोबाईलवर पैसे येतात. संत्र्याच्या बागेत डोळा भरणारा माणूस जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतो. खुंट जुना, फळ नवं. त्याला बदल म्हणजे काय हे समजवायला कोणी बाहेरून यायला नको.

थोडं नागपूरकडे पाहू, इथून 60-70 किलोमीटर. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी तिथे एम्प्रेस मिल सुरू केली. ती चालवायला त्यांनी घेतलेले बेझनजी मेहता हे रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले. कापडाच्या धंद्याचा त्यांना अनुभव नव्हता. पण माल, माणसं आणि हिशेब सांभाळायची सवय होती, बाकीचं ते शिकले. इंग्लंडातले गिरणीवाले रिंग स्पिंडलकडे संशयाने पाहत असताना या गिरणीने ते लावून पाहिले. 1886 मध्ये तिथे कामगारांसाठी पेन्शन फंडही निघाला. इतकी चांगली गिरणी, पण 2002 मध्ये तीही बंद पडली. पक्की नोकरी म्हणजे जन्माची सोय, असं समजणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

मग टिकतं काय? प्रेषितांच्या कृत्यांच्या 18व्या अध्यायात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांना क्लौद्य कैसराच्या हुकुमाने रोम सोडावं लागलं. घर गेलं, गिऱ्हाईक गेलं. तंबू शिवण्याची विद्या मात्र त्यांच्याबरोबर करिंथला आली, आणि संत पौल त्यांच्याचकडे राहून तेच काम करू लागला. आपली मुलं नागपूर-पुण्याला जातात तेव्हा त्यांच्याबरोबर काय जातं, हे पालकांनी विचारावं. आपल्या भागातल्या मुलांजवळ एक गोष्ट तर आहेच: घरात मराठी, शाळेत हिंदी. दोन भाषांत गिऱ्हाईकाशी बोलता येणं ही कमाई आहे. त्याची लाज वाटायचं कारण नाही.

पण एक सांगायला हवं, कारण चर्चमध्ये ते कमी सांगितलं जातं. कंत्राटी कामगाराला "आहे त्यात समाधान मान" एवढाच उपदेश करणं बरोबर नाही. याकोबाच्या पत्राचा 5वा अध्याय अडवून ठेवलेल्या मजुरीबद्दल किती कडक बोलतो ते पाहा. पोप लिओ तेरावे यांनी 1891 मध्ये रेरुम नोव्हारुम लिहून कामगाराच्या न्याय्य मजुरीची बाजू मांडली. मे 2025 मध्ये नव्या पोपनी लिओ हे नाव घेताना त्याच पत्राची आठवण काढली, आणि आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात श्रमाचा मान जपण्याची गरज बोलून दाखवली. यंत्र नवं आलं तर शिकावं, हे खरं. पण शिकायला वेळ आणि शिकवणारा माणूस मालकानेही द्यावा, हेही तितकंच खरं.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. ज्याला भरतीची परीक्षा द्यायची त्याने द्यावी, पण किती वर्षं ते घरात बसून आधीच ठरवावं, आणि त्या वर्षांतही एखादं काम नीट शिकावं. आयटीआयमध्ये फिटर किंवा इलेक्ट्रिशियन करणाऱ्या मुलाचं नावही वेदीवरून प्रार्थनेत घ्यावं, मुलीचं तर नक्कीच. जो कामावर आहे त्याने नेमणुकीचं पत्र मागून घ्यावं, पीएफचा यूएएन नंबर वहीत लिहून ठेवावा, आणि पगारातून कापलेले पैसे खात्यात जमा होतात का ते मधून मधून पाहावं. नोकरी बदलली तरी यूएएन नंबर तोच राहतो, हे अनेकांना माहीत नसतं, आणि जुन्या जागेचे पैसे तसेच पडून राहतात.

1 मे रोजी आपण कामगार संत योसेफाचा सण करतो. हा सण 1955 मध्ये पोप पायस बारावे यांनी सुरू केला. या वर्षी त्या दिवशी अर्पणाच्या वेळी भाकर-द्राक्षारसाबरोबर आपापल्या कामाचं एखादं हत्यार आणावं, असं आम्ही फादरांना सुचवलं आहे. पाना, कात्री, कलमाचा चाकू, हिशेबाची वही. आणि मिस्सेनंतर अर्धा तास थांबून, ज्याला जे येतं ते त्याने शेजाऱ्याला दाखवावं. दोघा-तिघांनी होकार दिला आहे. शिवणकाम शिकवायला एक मावशी तयार आहेत. मशीन मात्र अजून मिळायची आहे.