चिखलातील रोग आणि आमची अनास्था

मृगाचा पाऊस पडला की आमचा शेतकरी अनवाणी शेतात उतरतो. त्या चिखलाशी त्याचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे. त्यात वैरी दडला असेल अशी शंका त्याला यावी कशी? परंतु 'मेलिऑयडोसिस' या रोगाचे जंतू उष्ण कटिबंधातील अशाच मातीपाण्यात राहतात आणि पायाच्या जखमेतून अथवा श्वासावाटे शरीरात शिरतात. धडधाकट माणसाला ते सहसा बाधत नाहीत. मधुमेहाने, मूत्रपिंडाच्या विकाराने वा मद्याने ज्याची प्रतिकारशक्ती खचली आहे, त्याच्या मात्र ते रक्तात भिनतात आणि काही दिवसांत त्याला मृत्यूच्या दारी नेतात.

रोग नवा नव्हे. व्हिटमोर व कृष्णस्वामी यांनी १९१२ साली रंगून येथील रुग्णांवरून त्याचे वर्णन केले. जगात दरसाल सुमारे १ लाख ६५ हजार लोकांना तो जडत असावा व ८९ हजार दगावत असावेत, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१६ साली वर्तविला. मणिपाल-मंगळूर परिसरात त्याचे रुग्ण आढळत आले आहेत. म्हणजे तो आमच्या दाराशीच आहे. त्यात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मधुमेहींचे प्रमाण गोव्यात देशात सर्वाधिक, २६.४ टक्के, आढळले. जंतूंना पोषक माती आणि दुबळी शरीरे, दोन्ही येथे एकत्र आली आहेत.

हा रोग बहुरूपी आहे. खोकला व ताप पाहून तो क्षय समजला जातो. रक्तात सापडलेला जंतू प्रयोगशाळेत दुसऱ्याच नावाने नोंदला जातो. पेनिसिलिन व जेंटामायसिन त्यावर सहसा चालत नाहीत. सेफ्टाझिडिम वा मेरोपेनेम शिरेतून किमान दहा ते चौदा दिवस द्यावे लागते आणि पुढे सुमारे तीन महिने गोळ्या घ्याव्या लागतात. निदान चुकले तर हे सारे ज्ञान व्यर्थ!

रुग्ण थोडे, मग खर्च कशाला, असे कोणी विचारील. जो रोग शोधलाच जात नाही, त्याचे रुग्ण थोडेच भरणार! तालुका इस्पितळात तापाच्या मधुमेही रुग्णाचे रक्त, प्रतिजैविक देण्यापूर्वीच, जंतुतपासणीसाठी घेतले जावे. आढळलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारदरबारी व्हावी. आणि कृषी खात्याने बियाण्यांबरोबर गुडघ्यापर्यंतचे रबरी बूटही सवलतीत द्यावेत, अशी आमची मागणी आहे. यांपैकी एकही गोष्ट राज्याच्या आवाक्याबाहेरची नाही. अन्न पिकविणाऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर निदान खरे कारण तरी लिहिले जावे, एवढे ऋण आम्ही त्याचे लागतो.