काँगोची दलदल ओली राहू द्या

काँगो नदी विषुववृत्त दोनदा ओलांडते. आफ्रिकेच्या दक्षिण-मध्य पठारावरून निघून ती आधी उत्तरेला जाते, किसांगानीच्या वरच्या अंगाला धबधब्यांवरून उतरताना विषुववृत्त पार करते, मग पश्चिमेला मोठा वळसा घेते आणि म्बांडाका शहराजवळ ते पुन्हा ओलांडून अटलांटिकच्या दिशेने दक्षिणेला वळते. या वळणामुळे तिच्या खोऱ्यात कुठे ना कुठे पावसाळा चालूच असतो. उत्तरेचा पाऊस ओसरला की दक्षिणेचा सुरू होतो, म्हणून ही नदी फारशी आटत नाही. दर सेकंदाला सरासरी ४१,००० घनमीटर पाणी ती समुद्रात लोटते. ॲमेझॉन सोडली तर जगातल्या कोणत्याही नदीत एवढं पाणी नाही.

या वळशाच्या पोटात उबांगी, संघा, लिकुआला, रुकी या नद्या तिला येऊन मिळतात. इथली जमीन जवळजवळ सपाट आहे. फ्रेंच भूगोलकारांनी तिला ‘क्युव्हेत सॉन्त्राल’ म्हटलं, म्हणजे मधला खोलगट प्रदेश. पडलेल्या पावसाला वाहून जायला इथे उतारच नाही. पाणी झाडांच्या बुंध्यांशी महिनोन्महिने उभं राहतं. पानं, फांद्या, मुळं त्यात पडतात. पण पाण्याखाली प्राणवायू पोचत नसल्यामुळे ती पुरती कुजत नाहीत. लोणच्यावर तेल असेपर्यंत फोडी टिकतात, तेल उतरलं की बुरशी धरते. इथे तेलाचं काम पाणी करतं. अशा अर्धवट कुजलेल्या थरांवर थर साचून जी काळपट, तंतुमय माती होते तिला पीट म्हणतात. हा लेख त्या पीटसाठी आहे.

तिथल्या कोळ्यांना आणि शिकाऱ्यांना ही जमीन पिढ्यान्पिढ्या ठाऊक होती. विज्ञानाला मात्र तिचा आवाका कळायला २०१७ साल उजाडावं लागलं. ब्रिटनमधल्या ग्रेटा डार्गी आणि सायमन लुईस यांनी ब्राझाव्हिलच्या विद्यापीठातले सस्पेन्स इफो यांच्यासह २०१२ पासून या दलदलीत काम केलं. कमरेएवढ्या चिखलातून चालायचं, ठरावीक अंतरावर नळी खुपसून खालचा थर वर काढायचा आणि मोजायचा, असं ते काम. गावकरी वाट दाखवायला बरोबर. पुढे किसांगानीचे कॉर्नेय एवांगो यांच्यासारख्या काँगोली शास्त्रज्ञांनी नदीपलीकडची, म्हणजे काँगो लोकशाही प्रजासत्ताकातली बाजू मोजली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नकाशानुसार या पीटचा विस्तार १,६७,६०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त. त्यात साठलेला कार्बन सुमारे २,९०० कोटी टन. सगळं जग कोळसा, तेल आणि वायू जाळून तीन वर्षांत जेवढा कार्बन हवेत सोडतं, जवळपास तेवढा इथे पाण्याखाली निपचित पडला आहे. उष्ण कटिबंधात याहून मोठा सलग पीटप्रदेश आजवर कुठे सापडलेला नाही.

तो साचायला सुरुवात झाली त्याला किमान साडेसतरा हजार वर्षं झाली. पण ही वाढ अखंड नव्हती. पीटच्या नळकांड्या तपासताना शास्त्रज्ञांना विचित्र गोष्ट दिसली: काही हजार वर्षांचा थर जवळजवळ नाहीच. सुमारे ५,००० ते २,००० वर्षांपूर्वीच्या काळात इथलं हवामान कोरडं होत गेलं, जमिनीतलं पाणी खाली गेलं, उघड्या पडलेल्या पीटला हवा लागली आणि ती कुजून गेली. त्या काळात साचलेली तर गेलीच, त्याआधीची साठवणही बरीच संपली. नंतर पाऊस पुन्हा वाढला आणि पीट पुन्हा धरू लागली. हे माणसाचा हात न लागता झालं होतं. या जमिनीचा तोल किती नाजूक आहे हे त्यातून कळतं: पाण्याची पातळी थोडी उतरली तरी साठवण करणारी जमीन कार्बन ओकू लागते. माझ्या मते सगळ्या संशोधनातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलावर तीच सर्वांत आधी ठेवायला हवी.

या पाण्यात माणसं राहतात, आणि फार पूर्वीपासून राहतात. उबांगीच्या मुखापासून खाली मालेबोच्या विस्तीर्ण पात्रापर्यंतचा व्यापार अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात बोबांगी लोकांच्या होड्यांवर चालत असे. आज कोट्यवधी लोक बोलतात ती लिंगाला भाषा बोबांगींच्याच बोलीतून वाढली. १८७७ मध्ये हेन्री मॉर्टन स्टॅन्ले ही नदी उतरून समुद्राला पोचला. १८८४-८५ मध्ये बर्लिनमध्ये युरोपातल्या सत्ता आफ्रिकेच्या वाटपासाठी बसल्या, आणि १८८५ मध्ये या खोऱ्याचा बहुतेक भाग बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या खासगी मालकीचा झाला. त्या बैठकीत एकही आफ्रिकी माणूस नव्हता. १८९० च्या दशकापासून रानवेलींतून रबर काढून देण्याची सक्ती झाली. ठरलेलं वजन भरलं नाही की गाव जाळायचं, बायकांना ओलीस धरायचं. प्रत्येक गोळीचा हिशेब म्हणून सैनिक कापलेले हात आणून देत. १९०३ मध्ये ब्रिटिश वकिलातीचे रॉजर केसमेंट या भागात फिरले. तुंबा सरोवराच्या काठची, पूर्वी पाहिलेली गजबजलेली गावं त्यांना ओस पडलेली दिसली. १९०४ साली त्यांचा अहवाल छापला गेला. त्याच वर्षी ॲलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईंनी मारिंगा नदीवरच्या बारिंगा गावात एक छायाचित्र काढलं: एक बाप आपल्या लहान मुलीचा तोडलेला हात आणि पाय समोर ठेवून बसला आहे. या पुराव्यांनी युरोपात खळबळ उडाली, दूरदूरच्या गावांतल्या सामान्य माणसांनी सभा घेतल्या, सह्या केल्या, आणि १९०८ मध्ये लिओपोल्डला तो मुलूख सोडावा लागला. त्यानंतर आलेलं बेल्जियन सरकारचं राज्यही वसाहतीचंच राज्य होतं. तरी एवढं खरं की ज्यांनी काँगो कधी पाहिला नव्हता अशा लोकांच्या आवाजाने काँगोतली एक राजवट संपवली.

तुंबा सरोवर आज पीटच्या मुलखात आहे. मारिंगाचं पाणीही लुलोंगामार्गे याच खोलगट प्रदेशात उतरतं. ज्या भूमीने रबरासाठी एवढं सोसलं, त्याच भूमीच्या नकाशावर आता तेलाचे चौकोन आखले जात आहेत. जुलै २०२२ मध्ये काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या सरकारने तेल आणि वायूच्या ३० खंडांचा लिलाव पुकारला. त्यातले काही थेट पीटवर होते. जगभरातून आणि देशातूनही विरोध झाला, गुंतवणूकदार फारसे फिरकले नाहीत आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये लिलाव रद्द झाला. हा दिलासा टिकला नाही. २०२५ मध्ये ५२ नवे खंड खुले करायचं ठरलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला याच सरकारने पूर्वेच्या किवूपासून किन्शासापर्यंत सुमारे साडेपाच लाख चौरस किलोमीटरचा हरित पट्टा राखण्याची घोषणा केली होती. या पट्ट्याचा मोठा भाग नव्या खंडांत येतो. एकाच जमिनीला दोन्ही वचनं देता येत नाहीत.

तेल निघेल की नाही हा पुढचा प्रश्न. नुकसान त्याआधीच सुरू होतं. भूगर्भाची चाचणी घ्यायला सरळ रेषेत जंगल तोडावं लागतं, यंत्रं न्यायला भराव टाकून रस्ते करावे लागतात, आणि रस्त्याच्या कडेला पाणी जायला चर खणावे लागतात. चर म्हणजे निचरा. रस्ता झाला की लाकूडतोड येते, शिकारी येतात, मळे येतात. मळे आले की काय होतं ते इंडोनेशियात दिसलं आहे. तिथे पीटमध्ये कालवे खणून पाणी काढलं, पामतेलासाठी तेलताड आणि कागदाच्या लगद्यासाठी झाडं लावली, आणि वाळलेली जमीनच पेटू लागली. १९९७ आणि २०१५ च्या आगींचा धूर शेजारच्या देशांपर्यंत पसरला होता. काँगोच्या पीटला अजून असे चर पडलेले नाहीत. ती जवळजवळ अखंड आहे आणि अखंड ठेवणं हे बिघडलेली दुरुस्त करण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. मात्र या पीटमधला जेमतेम ८ टक्के कार्बन राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रांत येतो, आणि सुमारे चौथा हिस्सा लाकूड, खाणी किंवा पामतेलासाठी आधीच परवाने दिलेल्या जमिनीखाली आहे.

आणखी एका धोक्याचं नाव घ्यायला हवं. चाड सरोवर १९६० च्या दशकानंतर झपाट्याने आक्रसलं, तेव्हा काँगोच्या उजव्या अंगाच्या उपनद्यांचं पाणी कालव्याने उत्तरेला नेण्याची ‘ट्रान्साक्वा’ नावाची योजना पुढे आली. २०१८ मध्ये अबुजा इथल्या परिषदेत तिला पुन्हा बळ मिळालं. चाडकाठच्या लोकांची तहान खरी आहे. पण उबांगीचं पाणी १९७० नंतर स्वतःच कमी झालं आहे; बांगी शहरापर्यंत मोठ्या बोटी चालण्याचे दिवस घटले आहेत. पीटचा काही भाग पावसावर जगतो, काही भाग नद्यांच्या पुरावर. पुराचं पाणी वळवण्याआधी त्या पुरावर कोण जगतं हे मोजलं गेलंच पाहिजे, आणि मोजायची साधनंच तिथे फारशी उरलेली नाहीत. वसाहतकाळात या खोऱ्यात पाणी मोजण्याची शेकडो ठाणी होती. आज ती बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या लोकांची बाजू इथे कुणी नाकारू नये. ज्या देशात पाचातल्या चार माणसांच्या घरी वीज नाही, त्याला ‘तुमचं तेल जमिनीत राहू द्या’ असं फुकट सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि दीडशे वर्षं कोळसा नि तेल जाळून श्रीमंत झालेल्या देशांना तर मुळीच नाही. २०२१ च्या ग्लासगो परिषदेत या देशाला जंगलरक्षणासाठी पाच वर्षांत ५० कोटी डॉलर देण्याचा करार झाला. कोट्यवधी टन कार्बन सांभाळण्याचं मोल म्हणून ही रक्कम तुटपुंजी आहे. मोल द्यायचं तर पुरेसं द्या, वेळेवर द्या, आणि ते दलदलीच्या काठच्या गावांपर्यंत पोचेल अशा वाटेने द्या.

कारण आजवर ही दलदल त्या गावांनीच राखली आहे. पाणी उतरतं त्या महिन्यांत तिथल्या बायका लहान बांध घालतात, डबक्यातलं पाणी भांड्यांनी उपसतात आणि मासे टिपतात. पावसाळ्यात ती जागा पुन्हा भरते. राफियाच्या पानांनी घरं शाकारतात. बाजूच्या रानात गोरिला आहेत, हत्ती आहेत आणि नदीच्या डाव्या तीरावर बोनोबो आहेत. हा वानर जगात दुसरीकडे कुठेच रानात सापडत नाही. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या कायद्याने २०१४ पासून गावांना ५०,००० हेक्टरपर्यंतचं जंगल स्वतःच्या ताब्यात मागता येतं. अशी सामुदायिक वनं पीटच्या पूर्ण काठाने उभी राहिली तर तेलाच्या चौकोनाला तिथे जागाच उरणार नाही. पण कागदपत्रं, सीमांकन, किन्शासापर्यंतचे खेटे यांत गावांचे हात बांधले जातात. मदतीचा पैसा आधी तिथे लागायला हवा.

आता आपल्याकडे. जगात सर्वांत जास्त पामतेल आयात करणारा देश भारत आहे. बिस्किटांत, फरसाणात, वनस्पती तुपात, साबणात ते असतं. ते आज मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं. पण जमीन संपली की मळे नवी जमीन शोधतात, आणि मध्य आफ्रिका ही त्यांच्या डोळ्यांसमोरची जमीन आहे. पामतेलाच्या शाश्वत उत्पादनासाठीच्या आंतरराष्ट्रीय मंचाने २०१८ मध्ये पीटवर नवी लागवड करायला मनाई करणारा नियम केला. भारतीय आयातदारांनी आणि खाद्यकंपन्यांनी तो पूर्णपणे पाळावा, ही मागणी ग्राहक म्हणून आपल्याला करता येते. आपल्या तेलकंपन्याही परदेशात खंड घेतात. त्यांनी काँगोच्या पीटमधल्या एकाही खंडासाठी बोली लावू नये, असं संसदेत जाणाऱ्या आपल्या प्रतिनिधींना सांगता येतं. १९६० पासून भारतीय सैनिक शांतिसेनेत काँगोत राहिले, काही तिथेच पडले. त्या देशाशी बोलताना भारताच्या शब्दाला वजन आहे.

म्हणून वाचकहो, या महिन्यात एवढं करा. तुमच्या घरातल्या तीन वस्तूंवरची घटकांची यादी वाचा. ज्यात पामतेल आहे तिच्या कंपनीला पत्र किंवा मेल लिहून विचारा, की पीटवरच्या मळ्यांतलं तेल तुम्ही घेता का, आणि यापुढे घेणार नाही असं लेखी देता का. तुमच्या खासदाराला एक पत्र लिहा. भूगोल शिकवत असाल तर काँगोच्या या खोलगट प्रदेशाचा नकाशा वर्गात लावा. लिलावाची पुढची फेरी कधीही पुकारली जाऊ शकते. त्याआधी ही पत्रं पोचायला हवीत.