ययाति आणि 'नाही' म्हणणारा यदु

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला राजा म्हणजे किंग आर्थर! ययाति भेटला तो थेट हॉस्टेलवर, वि. स. खांडेकरांच्या १९५९ च्या कादंबरीत. म्हाताऱ्या राजाला पुरूने स्वतःचं तारुण्य दिलं, म्हणून सगळे पुरूचं कौतुक करतात. मला ते पटत नाही. महाभारतात आधी चार मुलांनी चक्क नकार दिलाय. थोरल्या यदूला शाप मिळाला, गादी गेली. पण श्रीकृष्ण त्याच्याच वंशातला. आपल्या परभणीवर राज्य करणारे देवगिरीचे यादवसुद्धा स्वतःला यदूचे वंशज म्हणवत! मग मित्रांनो, घरच्यांनी ठरवलेली ब्रँच नको म्हणणारा मुलगा लगेच नालायक कसा? ययातीने निदान मुलांना विचारलं तरी होतं.