शकुंतलेचे इंजिन काळेच होते काय?

१/ दिग्रसकरांना वाफेचे इंजिन पाहायचे, तर दारव्हा गाठावे लागे. मूर्तिजापूर–यवतमाळ या अडीच फुटी मार्गावरील शकुंतला तेथे थांबे. मँचेस्टरमध्ये १९२१ साली घडलेले तिचे इंजिन एप्रिल १९९४ पर्यंत धावत राहिले.

२/ आज तिची प्रतिकृती घडवणारा तरुण एखादे जुने कृष्णधवल छायाचित्र समोर ठेवतो आणि निःशंकपणे काळा रंग उचलतो. फसगत येथेच होते. त्या काळच्या अनेक फिल्मना तांबडा रंग जाणवतच नसे; तो काळा उमटे आणि निळा फिकट. छायाचित्रातील काळी रेघ मूळची तांबडीही असू शकते.

३/ दुसरा प्रश्न सालाचा. गाडी चालवणारी जीआयपी रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली. सत्तर वर्षे राबलेले इंजिन एकदाच रंगवले गेले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. म्हणून ‘खरा रंग कोणता’ यापूर्वी ‘कोणत्या वर्षीचा’ हे ठरले पाहिजे.

४/ १९९४ चे इंजिन निवडल्यास रंगीत छायाचित्रे आणि ते डोळ्यांनी पाहिलेली माणसे साक्षीला आहेत. १९२५ चे निवडल्यास अंदाज अटळ आहे. अंदाज करणे हा दोष नव्हे. तो लपवणे हा दोष आहे. प्रतिकृतीच्या तळपट्टीवर साल आणि ‘अंदाजे’ हा शब्द लिहिलाच पाहिजे. मूळ इंजिन आता धावत नाही. उद्याची पिढी त्या प्रतिकृतीलाच पुरावा मानील.