ताळा न जुळलेली वही

दिवाळीला वही मिटण्यापूर्वी व्यापारी घरात ताळा पाहतात. तो जुळला नाही, तर चूक सापडेपर्यंत मुनीमजी गादीवरून उठत नाहीत. बुलढाणा जिल्ह्याचा असाच एक ताळा बिघडला आहे. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे २००१ मध्ये ९०८ मुली होत्या; २०११ मध्ये ८५५ उरल्या. निसर्गतः जन्माच्या वेळी हा आकडा ९५० च्या आसपास असतो. ज्या जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान, त्या जिल्ह्याची ही तूट!

तिचे एक मूळ लोकसंख्येच्या चिंतेत आहे. १९७० च्या दशकात लोकसंख्यावाढीच्या आकड्यांनी देश धास्तावला होता. मुलाच्या आशेने मुली होत राहतात. गर्भाचे लिंग आधीच कळले तर कुटुंब लहान राहील, असे तेव्हा काही डॉक्टरांनी उघडपणे मांडले. जन्मजात दोष शोधण्यासाठी आलेली गर्भजल परीक्षा या आडवाटेला लागली. सरकारी रुग्णालयांत तिला मनाई झाली, तरी खासगी दवाखान्यांत ती फोफावली. पुढे सोनोग्राफीने काम अधिकच सोपे केले.

मात्र ज्या जनगणनेने धास्ती दिली, तिनेच चूकही दाखवली. महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंग चाचणीविरुद्ध देशातील पहिला कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्याची अंमलबजावणी होत नाही, म्हणून सेहत व मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली.

हा दोष अशिक्षितांचा म्हणून जैन समाजाला हात झटकता येत नाहीत. साक्षरतेत अग्रेसर असलेल्या या समाजात २००१ मध्ये हजार मुलांमागे ८७० मुली होत्या. देशाचा आकडा ९२७ होता. २०११ मध्ये समाजाचा आकडा ८८९ झाला, देशाचा ९१८. सुधारणा आहे, पण तूट भरलेली नाही. भगवान महावीरांच्या संघात १४,००० साधू व ३६,००० साध्वी होत्या, असे कल्पसूत्र सांगते. मुंगीलाही जपणाऱ्या घरात गर्भातील कन्येचा जीव वेगळ्या तराजूत कसा तोलला जाईल?

आज अनेक घरांत मुलासाठी स्थळ मिळत नाही, ही चिंता ऐकू येते. ही त्याच वहीची थकबाकी आहे. ती कायद्याने एकट्याने फिटणार नाही. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, हा भेद ज्या दिवशी घरातील आजी स्वतः मोडेल, त्या दिवशी ताळा जुळू लागेल.